पठारावर धूप जळला नाही

सतीशने पेमामावशीला फसवलं. त्याने एल्सीबाईंना फसवलं, त्यांच्या आजारी भावाला फसवलं आणि मलाही फसवलं. माझा नंबर शेवटचा आहे, म्हणून शेवटी लिहिला. सतीश म्हणजे एडमंटनच्या मराठी लोकांना व्हॅनमध्ये बसवून डोंगर दाखवायला नेणारा माणूस. त्याचं आडनाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

राग उतरला की लिहू, असं ठरवलं होतं. हिवाळा गेला, विंटर टायर काढून झाले, राग उतरला नाही. पण ते पठार ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते नीट दिसलं पाहिजे. म्हणून जिथे पठाराबद्दल लिहायचं आहे तिथे सतीशला मी व्हॅनमध्येच बसवून ठेवणार आहे.

एडमंटन

माझं मिल वूड्समध्ये कापडाचं दुकान आहे. नागपूरला इतवारीत माझे वडील दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे थान उलगडायचे. इथे आल्यावर मी बेसमेंटमध्ये ब्लाउजपीस आणि साडीचे फॉल विकायला लागले. आज रस्त्यावर माझ्या नावाची पाटी आहे आणि ती मला कोणी भेट दिलेली नाही. भाव करणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. माझा आवाज चढतो, हेही खरं आहे. ज्यांना त्रास होतो त्यांनी दुसरीकडून कापड घ्यावं.

पेमामावशीला मी शाळेत होते तेव्हापासून ओळखते. नागपूरला दर हिवाळ्यात तिबेटी लोक फुटपाथला लागून स्वेटरची दुकानं मांडायचे. ते गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतून यायचे आणि मराठी आपल्यासारखंच बोलायचे. एका मरून स्वेटरसाठी मी मावशीशी तासभर घासाघीस केली. गिऱ्हाईक उठून चालू लागलं की दुकानदार मागून हाक मारतो, हा नियम मला त्या वयातही पाठ होता. मी उठून गेले, हाक आली नाही. परत आले, पुन्हा उठले, पुन्हा हाक नाही. शेवटी तिने सांगितलेल्या किमतीलाच मी स्वेटर घेतला. आयुष्यात असा पराभव मी फार थोड्यांकडून घेतला आहे.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, माझ्या एडमंटनच्या दुकानात एक म्हातारी लोकरीच्या शालींची घडी चिमटीत धरून उभी होती. मला वाटलं, चिनी असेल. मी इंग्रजीत काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे वूल नाई होय, बाई. अॅक्रिलिक होय."

तीच ती. मुलगी इथे हॉस्पिटलात नर्स, तिने आईला बोलावून घेतलं होतं. तेव्हापासून मावशी दर आठवड्याला दुकानात येऊन बसते, माझ्या मालाला नावं ठेवते आणि माझा चहा पिते.

२०१०च्या उन्हाळ्यात सतीश आपलं पत्रक माझ्या काउंटरवर ठेवायला आला. त्यावर फोटो होता. खाली खोल दरीत नदी, वर वाळक्या सोनेरी गवताचं पठार आणि त्या गवतात गोल गोल खड्डे. ओल्या पिठावर परात दाबून उचलावी तसे. ब्रिटिश कोलंबियातलं हे हजारो वर्षांपूर्वीचं गाव, खड्डे म्हणजे तिथल्या मूळ लोकांची हिवाळ्यातली घरं, असं खाली लिहिलं होतं.

मावशीने पत्रक उचललं आणि डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ ठेवलंच नाही.

"हे आमच्या गावचं होय."

"मावशी, हे बीसी आहे. इथून दोन दिवसांच्या रस्त्यावर."

"मले मालूम आहे. तरी आमच्या गावचं होय."

मग तिने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिबेटात चाम्दोच्या पलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला असंच पठार. गावाबाहेर असेच खड्डे. ती पहिल्या लोकांची घरं, असं गावात सगळे म्हणायचे. पोरांनी त्यात पाय ठेवायचा नाही. काही ठरावीक सकाळी तिची आई एका खड्ड्याच्या काठावर जुनिपरची हिरवी डहाळी जाळायची. तिबेटी लोकांचा धूप तो. "धूर म्हंजे त्या गेलेल्या लोकाइचं जेवण," मावशी म्हणाली. गाव सोडायची वेळ आली तेव्हा आजोबांना चालवत नव्हतं, म्हणून आई मागे राहिली. लहान पेमा मामाबरोबर निघाली. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा आई दिसली नाही, काठावरून वर जाणारा धूर दिसला. आई गेल्याची बातमी वसाहतीत पोचली ती फार वर्षांनी. कुठल्या दिवशी, कशाने, काही नाही.

"मंग नंतर कोणी म्हणे, तिकडं सरकारनं खोदलं. खाली हजारो वर्षांची घरं निघाली म्हणे. आमच्या आईले ते पह्यलेच मालूम होतं." ती पत्रकावरून अंगठा फिरवत होती. "आईच्या नावानं मी गोंदियाले धूप लावला, नागपुरात लावला. इथं बाल्कनीत लावला तं बिल्डिंगचा अलार्म वाजला, फायर ब्रिगेड आली. पण तशा जागी नाई लावला कवा. गुडघे गेले आता माये. एकदा लावीन म्हणतो."

आता सौदा ऐका. मी सतीशला म्हटलं, तुझी व्हॅन मी भरते, माझ्या ओळखीची दोन जोडपी आणते. अट एकच. मावशीला त्या खड्ड्याच्या काठावर धूप लावू द्यायचा. परवानगी तू काढायची.

"डन, ताई. एकदम डन. तिथल्या बाईंशी माझं डायरेक्ट बोलणं आहे."

"आग लावायची आहे, सतीश. नीट विचार."

"ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. ऑल सॉर्टेड."

तीन दिवसांनी त्याने फोन केला, परवानगी मिळाली म्हणून. मी दुकानात बोलावून त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. सौदा करताना मी समोरच्याच्या पापण्या बघते. सतीशची पापणी हलली नाही. खोटं बोलताना त्याची पापणी हलत नाही, हे यापुढे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

डोंगरातून

त्या ऑगस्टमध्ये बीसीची जंगलं पेटलेली होती. धूर एडमंटनपर्यंत यायचा, दुपारी सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. जॅस्परला पोचलो तेव्हा डोंगर होते, पण त्यांची फक्त कड दिसत होती. माझ्या ओळखीची जोडपी हळहळली. कॅमेरे काढले, ठेवून दिले. कॅनडाच्या रॉकीजमधलं सगळ्यात उंच शिखर म्हणून जिथे थांबवलं तिथे तर एक करडी भिंत. सतीश मात्र त्या भिंतीकडे बोट करून उंची सांगत होता.

"पहाड असंच असते," मावशी म्हणाली. "दिसन तवा दिसन."

ती खिडकीशी बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात जुनिपर. माझ्या घरापुढचं कुंपण जुनिपरचं आहे. नर्सरीवाल्याला रडकुंडीला आणून मी ती झुडपं घेतली होती. जायच्या आदल्या आठवड्यात मावशी आली, एकेक डहाळी निवडून कापली, माझ्या बेसमेंटमध्ये दोरीला उलटी टांगून सुकवली. व्हॅनभर तिचा वास होता.

दुपारी रस्त्याकडेच्या टेबलावर जेवलो. मी थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. मावशीने डब्यातून भाजलेल्या जवाचं पीठ काढलं, त्यात थर्मासमधला खारा चहा आणि लोणी घातलं आणि बोटांनी मळून त्याचे मुटके केले. आपलं सातूचं पीठ, फक्त गुळाऐवजी मीठ. मी एक खाल्ला. घशाखाली उतरायला वेळ लागला, पण संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही. जोडप्यांपैकी एका बाईंनी नाक मुरडलं. मी त्यांच्या पानातलं थालीपीठ परत घ्यायच्या बेतात होते.

कॅमलूप्सच्या अलीकडे देश बदलतो. झाडं विरळ होतात, टेकड्या उघड्या पडतात, हिरवा रंग संपतो. कोरडी, करपलेली जमीन आणि तिच्यावर करड्या पानांची खुरटी झुडपं, चुरगळली की औषधी वास येणारी. कॅनडा म्हणजे बर्फ आणि पाईनची झाडं, असं मी समजून होते. इथे मे महिन्यातल्या विदर्भासारखं ऊन होतं. मला एकदम बरं वाटलं.

रस्त्यालगत एका सरदारजींचा फळांचा ठेला होता. मी जर्दाळू बोटांनी दाबून पाहू लागले.

"बहनजी, ये कनाडा है. यहाँ भाव नहीं होता."

"भाव नहीं होता तो जर्दाळू भी नरम नहीं होना चाहिए. ये तो कल तक जॅम हो जाएगा."

असं बराच वेळ चाललं. शेवटी सरदारजी हात जोडून हसले आणि वर एक ओंजळ चेरी टाकली. मावशी व्हॅनच्या पायरीवर बसून बघत होती. "माह्याकडून तं तुले काई सुटलं नव्हतं," ती म्हणाली. तिला तो स्वेटर आठवत होता! मला वाटायचं, मलाच आठवतो.

ठेल्याच्या पुढे रस्त्यावर मोठी पाटी होती. आगबंदी. उघड्यावर कुठलाही विस्तव पेटवायला मनाई.

"सतीश, हे काय?"

"ते कॅम्पग्राउंडवाल्यांसाठी असतं, ताई. आपली स्पेशल परमिशन आहे."

मी गप्प बसले. सौदा झाल्यावर माल पुन्हा पुन्हा उलगडून बघू नये, असं माझे वडील म्हणायचे. मी त्यांचं ऐकायला नको होतं.

पठार

सकाळी फ्रेझर नदीच्या बाजूने गेलो. नदी खूप खाली, गढूळ, आणि दोन्ही काठांवर कड्यांना टेकवून उभारलेले लाकडी मांडव. त्यांवर चिरलेले लाल मासे वाऱ्यावर वाळत घातलेले. पूर्वी वसईच्या एका मैत्रिणीच्या घरी बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या पाहिल्या होत्या, त्या आठवल्या. मग कच्चा रस्ता वर चढू लागला. व्हॅन घरघरली, कानात दडे बसले, आणि एका वळणानंतर आपण सपाटीवर येतो.

इथे सतीशला व्हॅनमध्ये बसवते.

ते पठार मोठं नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये देवाने तळहात पसरावा तशी जमीन. तांबूस सालीचे उंच पाईन दूरदूर उभे, आणि त्यांच्यामध्ये गवतात ते खड्डे. फोटोत ते परातीएवढे वाटले होते. प्रत्यक्षात काहींमध्ये माझं दुकान मावेल. प्रत्येकाला गोल उंच काठ, मध्ये खोल उतरती जमीन, तळाशी जास्त दाट गवत. एकाला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा, मध्ये वाटेएवढी जागा. शेजार होता तो. कोणाचं पोर रडलं तर पलीकडे ऐकू जात असेल. मी गडकोट पाहिले आहेत, लेणी पाहिली आहेत. तिथे कोणीतरी मोठं होऊन गेलं, असं वाटतं. इथे कोणीतरी आत्ताच उठून नदीवर गेलं आहे, असं वाटलं. उन्हात वाळल्या गवताचा आवाज होता, बाकी काही नाही. धुरामुळे पलीकडचा डोंगर पुसट झाला होता.

मी पायात चपला घालून गेले होते. तिथे गवतात लहान निवडुंग असतो. दोन काटे अंगठ्यात शिरले आणि मी मोठ्याने ओरडले. त्या शांततेत स्वतःचाच आवाज ऐकून मला कसंतरी झालं.

पण हे सगळं आत गेल्यावरचं, पोचलो तेव्हा कुंपणाचं फाटक बंद होतं. फाटकापाशी जुना पिकअप ट्रक आणि त्याला टेकून एक बाई उभ्या होत्या. वय मावशीएवढं, पांढरी वेणी, डोक्यावर गवती टोपी. या एल्सीबाई. खालच्या वस्तीत राहतात. ही जागा त्यांच्या लोकांची, आणि राखण त्यांच्याकडे. ट्रकमध्ये पुढच्या सीटवर त्यांचा धाकटा भाऊ लिओ बसला होता. दार उघडं, पाय बाहेर. इतका बारीक माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता. नवा कोरा शर्ट, घडीच्या रेषा अजून तशाच. केस ओले विंचरलेले.

एल्सीबाई सरळ मावशीकडे आल्या, टोपी काढली आणि हळू इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही आलात. तुम्ही त्याला इथे बघणार की आत, घरांपाशी?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी सतीशकडे.

"कुठे काय बघायचं?" मी विचारलं.

एल्सीबाई म्हणाल्या, "हिलर तुम्ही नाही, त्या ना? तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं. तिबेटच्या मोठ्या वैद्यबाई आहेत, हात ठेवून आजार काढतात, आणि फक्त अशाच जुन्या जागी येतात."

सतीश माझ्या कानाशी आला. "ताई, जरा सांभाळून घ्या. त्या फाटक उघडायला तयार नव्हत्या हो. मावशींनी फक्त दोन मिनिटं डोक्यावर हात ठेवायचा, काहीतरी पुटपुटायचं. व्हॉट्स द हार्म?"

"सतीश, तू काय सांगून बसलास?"

"पॉझिटिव्ह एनर्जी असते, ताई. त्यालाही बरं वाटेल."

"तुला एनर्जी मी दाखवते, थांब."

माझा आवाज चढला होता. जोडपी व्हॅनच्या मागे गेली. एल्सीबाईंना मराठीतला एक शब्द कळत नव्हता, पण त्या सतीशच्या चेहऱ्यावरून माझ्या चेहऱ्यावर, माझ्यावरून त्याच्यावर नजर फिरवत होत्या. त्यांना काय चाललंय ते कळत होतं.

मावशीने माझा दंड धरला. "काय म्हणते ते?"

मी सांगितलं.

"मंग सांग तिले. म्हणा, मी स्वेटर विकत होती. वैद्य नाई, लामा नाई, काई नाई."

माझ्या डोक्यात हिशेब चालू झाला, तो माझा धर्मच आहे. फाटक बंद राहिलं तर मावशीचा धूप राहिला. दोन दिवस गुडघे दाबत ती आली. "मावशी," मी म्हटलं, "नुसता हात ठेव नं व. पुढचं मी पाह्यतो. तुह्या आईसाठी तं आलो आपण."

"माह्या आईसाठी आलो म्हणून तं सांगून राह्यली." तिने माझा दंड सोडला नाही. "तिच्या नावानं खोटं नाई लावत मी. सांग."

मी सांगितलं. जसंच्या तसं, इंग्रजीत, एल्सीबाईंच्या डोळ्यांत बघून. ही बाई भारतात रस्त्यावर स्वेटर विकायची. हिला आजार काढता येत नाहीत. आमच्या माणसाने तुम्हाला खोटं सांगितलं.

एल्सीबाई ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या भावाकडे वळल्या, मग जमिनीकडे पाहू लागल्या.

"मी त्याला सकाळी अंघोळ घातली," त्या म्हणाल्या. "त्याला उठवत नाही. तरी घातली."

मग ट्रकमधून लिओचा आवाज आला. घोगरा, पण त्यात हसू होतं. "एल्सी, त्या बाईला विचार, स्वेटर आणलाय का? मला थंडी वाजते."

आम्ही सगळे घामाने भिजलो होतो. एल्सीबाईंनी सांगितलं, गेल्या वसंतापासून त्याला असंच होतं, रक्तच राहिलं नाही. मी मावशीला सांगितलं. मावशीने पिशवी माझ्या हातात दिली. व्हॅनच्या एसीसाठी कमरेला बांधलेला स्वतः विणलेला करडा स्वेटर सोडला आणि ट्रकपाशी गेली. तिने ज्या तऱ्हेने त्याला तो घातला ते मी नागपुरात शेकडो वेळा पाहिलं होतं. आधी डोक्यातून, मग एक हात, मग दुसरा, मग दोन्ही हातांनी मानेपाशी गळा सारखा करायचा, आणि एक पाऊल मागे सरून बघायचं.

"किती?" लिओने विचारलं.

मी भाषांतर केलं. मावशी म्हणाली, "त्याले सांग, आज दुकान बंद आहे."

तो हसला. हसताना खोकला आला, खोकला थांबेपर्यंत मावशीने त्याची कॉलर धरून ठेवली होती. त्याच वेळी माझ्या मागे कॅमेऱ्याचा आवाज झाला. मी वळले. सतीश फोटो काढत होता. माझ्या हातात पिशवी नसती तर पुढे काय झालं असतं सांगता येत नाही.

एल्सीबाईंनी फाटक उघडलं. का उघडलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. "ते जाळायचं नाही," त्या म्हणाल्या. "खाली तीन डोंगर पेटलेत. मी तुमच्या माणसाला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, पाऊस पडेपर्यंत इथे काडीही ओढायची नाही."

म्हणजे तेही. मला परवानगी मिळाली म्हणून सांगितलं, मावशीने डहाळ्या वाळवल्या, आणि याला पहिल्या फोनपासून माहीत होतं.

सतीशला मी फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. सांगितलं, हा सौम्य शब्द झाला.

आत एल्सीबाई पुढे, मागे मावशी माझ्या खांद्यावर हात टाकून. लिओ ट्रकमधूनच बघत होता. एल्सीबाई कमी बोलतात. एका मोठ्या खड्ड्यापाशी थांबून त्यांनी सांगितलं की वर ओंडक्यांचं छप्पर असायचं, त्यावर माती. छपराच्या मध्ये भोक, त्यातून खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून खाली उतरायचं. वरून बर्फ, आत विस्तव आणि वाळवलेला मासा. धूर त्याच भोकातून बाहेर. बर्फाच्या दिवसांत वर उभं राहिलं तर इतक्या सगळ्या धुराच्या रेषा दिसत असतील, त्या म्हणाल्या.

हे मी मावशीला सांगितलं. ती माझ्याकडून पिशवी घेऊन काठावर बसली. आत पाय ठेवला नाही. पायाची बोटंसुद्धा कडेच्या अलीकडे ओढून घेतली, लहान मुलीसारखी. एल्सीबाईंनी ते पाहिलं.

"आमच्यातही मुलांना आत जाऊ देत नाहीत," त्या म्हणाल्या. जरा वेळाने त्याही काठावर बसल्या, थोडं अंतर ठेवून.

मावशी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. मला तिबेटी येत नाही. हातात जुनिपरची डहाळी होती आणि ती तळव्यांत चोळत होती, एवढंच. वास आला. धूर निघाला नाही. आकाशभर धूर होता, आणि जिथे पाहिजे तिथे काडीएवढा नाही.

उठताना तिने पिशवी पुन्हा खांद्याला लावली. एल्सीबाईंनी हात पुढे केला. "हे कोणासाठी होतं?"

"हिच्या आईसाठी," मी म्हटलं. "अशाच जागी मागे राहिली होती."

"माझ्याकडे ठेवा. बर्फ पडला की मी लावीन. इथेच."

मावशीने माझ्या भाषांतराची वाट पाहिली नाही. पिशवी देऊन टाकली. ट्रकपाशी आल्यावर एल्सीबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले वाऱ्यावर वाळवलेल्या माशाचे तुकडे आमच्या हातात दिले. चामड्यासारखा चिवट, आणि चावत राहिलं की गोड. मावशीने परतीच्या वाटेवर दोन दिवस तोच चघळला.

परत

व्हॅनमध्ये मी सतीशला जे बोलले ते छापता येणार नाही. तो पैसे परत देतो म्हणाला. माझ्यासारख्या बाईला गप्प करायला हाच उपाय, असं त्याला वाटलं. मी घेतले नाहीत. काही सौदे मोडल्यावर वजाबाकी करून हिशेब मिटत नाही, हे त्याला कळलं नाही. माझा मुलगा घरी म्हणाला, "मॉम, जस्ट लेट इट गो." मुलांना इथे शाळेत हेच शिकवतात.

नोव्हेंबरात दुकानात फोन आला. मावशी काउंटरशी बसलेली होती, मी स्पीकर लावला. एल्सीबाई म्हणाल्या, पठारावर बर्फ पडला आहे. काल वर जाऊन आले. तुमची डहाळी लावली, माझीही लावली. लिओ मागच्या आठवड्यात गेला. स्वेटर घालूनच पाठवला त्याला.

मावशीने काउंटरवरच्या शालीची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "विचार तिले, धूर सरळ गेला का?"

मी विचारलं. "नाही," एल्सीबाई म्हणाल्या. "वारा होता. सगळ्या खड्ड्यांवरून पसरत गेला."

"मंग बरं झालं," मावशी म्हणाली. "सगळ्याइले भेटला."

इथे मी लिहायचं थांबवलं असतं. मार्चमध्ये सतीशची नवी पत्रकं एडमंटनभर लागली. पहिल्या पानावर लिओ आहे. ओले विंचरलेले केस, करडा स्वेटर, आणि त्याच्या मानेपाशी पेमामावशीचे दोन्ही हात. खाली लिहिलं आहे, 'तिबेटी साध्वीचा दिव्य स्पर्श, प्राचीन पठारावर एक अविस्मरणीय अनुभव.' एक पत्रक कोणाच्या तरी गाडीतून त्या वस्तीपर्यंत पोचलं. एल्सीबाईंनी मला फोन करून फक्त विचारलं की खाली काय लिहिलंय. ते मराठीत होतं. मी त्यांना भाषांतर करून सांगितलं. त्या दिवशीही जसंच्या तसं सांगितलं होतं, म्हणून आताही.

सतीश, तू हे वाचशील, कारण तुझी गिऱ्हाईकं वाचतील. पत्रक मागे घेतो, माफीचा ईमेल टाकतो, असं मला कळवू नकोस. मला काही नको. रस्ता तुला माहीत आहे. त्या फाटकापाशी जा, एकटा जा, कॅमेरा घरी ठेव. एल्सीबाई येईपर्यंत उभा राहा. त्या आल्या की त्यांना सांग, उठवत नसलेल्या भावाला त्या सकाळी त्यांनी अंघोळ घातली, ती कशासाठी.